बंब गेला, कॉम्बी आला

रीडिंग (इंग्लंड), १८ जानेवारी

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू हसलास ना, "एक गिझर बदलायला दोन महिने काय रडतोयस" म्हणून, तेव्हाच ठरवलं की तुला सगळं बसून लिहायचं. अरे गिझर नाहीये हा, घर तापवायचा गॅसचा बॉयलर आहे. तुमच्या वाड्यात मागच्या दारी बंब होता, आजी पहाटे पेटवायची, आठवतो? तसाच समज, फक्त त्या बंबाचं पाणी नळ्यांमधून घरभर फिरतं, प्रत्येक खोलीतला रेडिएटर तापवतं आणि परत येतं. तो बंद पडला की नोव्हेंबरात घरात नि बाहेर फरक फक्त वाऱ्याचा. आम्ही नऊ दिवस कानटोप्या घालून जेवलो.

जुना बॉयलर घर घेतलं तेव्हाच म्हातारा होता, आत पायलटची ज्योत चोवीस तास जळायची. पार्ट मिळत नाही म्हणाले, मग बदलणं आलंच. आणि २००५ च्या एप्रिलपासून इथे गॅसचा नवीन लावायचा तर कंडेन्सिंगच, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता परत घेणाराच लावावा लागतो.

तीन जणांकडे कोटेशन मागायचं ठरवलं. पहिला टाय लावून आला, घर न बघताच ४० किलोवॅटचा घ्या म्हणाला, आमची बाथरूम एक! दुसरा म्हातारा फिटर होता, त्याने स्वतःहून गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या इथल्या नोंदणीचं कार्ड काढून दाखवलं (ते कार्ड उलटं करून बघायचं, कुठल्या कामाची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं), खोल्या मोजल्या आणि म्हणाला, घर तापवायला तुला कडाक्याच्या थंडीतसुद्धा आठ किलोवॅट खूप झाले, बाकीचे फक्त शॉवरसाठी. ३० चा घेतला तर मिनिटाला बारा लिटर गरम पाणी येतं, तेवढ्यात भागतं. तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

हीट पंपाचाही विचार केला होता, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब खेचून घर तापवणारं विजेवरचं यंत्र. सरकार ७,५०० पौंड देतं, पण सर्व्हे, परवानग्या, मोठे रेडिएटर, यात किती आठवडे जातील कोण जाणे आणि पोरं खोकत होती. म्हणून म्हाताऱ्याचा कॉम्बी घेतला, सगळं मिळून २,९०० पौंड. कॉम्बी म्हणजे साठवण नाही, नळ सोडला की लगेच पाणी तापवून देणार. त्यामुळे माळ्यावरची टाकी गेली आणि वरच्या कपाटातला गरम पाणी साठवायचा तांब्याचा सिलिंडरही गेला. त्या सिलिंडरवर पुढे येतो.

पठ्ठ्याने जुन्या रेडिएटरमधलं पाणी काढलं तेव्हा बादलीत निव्वळ शाई. वीस-पंचवीस वर्षं आतून लोखंड गंजत होतं. मग सगळं धुवून परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवला, आणि जाताना तो उघडून दाखवला तर चुंबकाला काजळ फासल्यासारखा काळा लगदा. मी म्हटलं हे नव्या बॉयलरमध्ये गेलं असतं तर? तो नुसता हसला.

पण एक गोष्ट त्याने चुकवलीच. कंडेन्सिंगवाल्यातून दिवसभर पाणी ठिबकतं, त्याची पांढरी बारीक नळी त्याने बाहेरून उत्तरेच्या भिंतीवर अडीच मीटर उघडी नेली. डिसेंबरात उणे सहा झालं त्या पहाटे बॉयलर हुक्क्यासारखा गुडगुडला आणि गप्प. नळीत बर्फ! उकळतं ओतायचं नसतं, नळी तडकते, म्हणून मी ड्रेसिंग गाऊनवर कोट घालून, कोमट पाणी आणि शेकायची पिशवी घेऊन बाहेर. आई गुडघ्याला धरायची तशी पिशवी नळीला धरून उभा. शेजारच्या बाईंनी खिडकीतून हात केला, मी पण केला, काय करणार. नंतर त्याला बोलावून जाड नळी टाकून घेतली, वर फोम गुंडाळला, पैसे नाही घेतले त्याने.

आणि खरी मेख अजून पुढेच आहे. हप्ताभर मीटर बघतोय तर गॅस काही फार कमी नाही, दिवसाला ६० युनिटच्या (किलोवॅट-तास) आसपास. मग मॅन्युअल वाचायला बसलो (तू हसशील, मी मॅन्युअल वाचलं), तर रेडिएटरला जाणारं पाणी ७५ डिग्रीवर सेट. अरे भातावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं ना, तसं धुरातल्या वाफेचं पाणी व्हायला पाहिजे, तेव्हा तिच्यातली उष्णता परत मिळते, त्यासाठीच तर हा कंडेन्सिंग! पण परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं तरच हे नीट होतं, नाहीतर बरीचशी वाफ धुराड्यातून बाहेर आणि आपण पैसे भरतोय. मी जाणारं पाणी ५८ वर आणलं, म्हणजे घरभर फिरून परत येईपर्यंत ते ५५ च्या खाली येतं. रेडिएटर आता कोमटच लागतात, बायको दोन दिवस "बिघडवलास तू" म्हणत होती, पण जास्त वेळ चालू ठेवला की घर उबदार राहतं, आणि साधारण तशाच थंडीत ५२-५३ युनिटवर आलं. एक बटण, सुन्या! २,९०० घेणाऱ्याला ते फिरवायला काय झालं होतं?

आता तो सिलिंडर. त्या कपाटात कायम ऊब असायची, लोक टॉवेल ठेवतात, आम्ही दही लावायचो. इडलीचं पीठ रात्री ठेवलं की सकाळी झाकण वर उचललेलं. म्हणजे नऊ वर्षं सासूबाईंना फोनवर "इथे थंडीत पण दही छान लागतं" म्हणून मिरवलं ते त्या सिलिंडरच्या जिवावर. कॉम्बी आल्यापासून ते कपाट गारठलंय, दही दोन दिवस झाले तरी दूधच. आणि गंमत बघ, हीट पंप घेतला असता तर सिलिंडर लागलाच असता! बायको हे दिवसातून एकदा तरी ऐकवते. ओव्हनमधला दिवा लावून ठेवून पाहिलं, लागतं, पण तारेचं.

काकूंना विचारून ठेव, त्या थंडीत विरजलेलं भांडं डब्यात पुरून ठेवायच्या ना, तो गव्हाचा डबा होता की पिठाचा? आणि दूध केवढं कोमट?

तुझा,
विन्या