पोरीला वेळेत वजनकाट्यावर उभं करणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा टाकू का" म्हणून विषय बदलता. माझी लेक कुस्ती खेळते, आणि स्पर्धेला वेळेत पोहोचायचे रस्ते तुम्ही आम्हाला आखून दिलेत. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही उघडपणे. मुंबईच्या आसपास राहणाऱ्या, कुस्ती-बॉक्सिंग-ज्युदो खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरच्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या माणसाला आमच्या खेळातली सगळ्यात मोठी धास्ती सांगूनही पटत नाही. ती समोरच्या पैलवानाची नसते, वजनाच्या वेळेची असते: खेळाडू आपल्या वजनगटात बसतो का हे लढतीआधी काट्यावर बघतात, त्या वेळेची. दुसऱ्या खेळात अर्धा तास उशीर झाला तर फार तर सराव बुडतो. इथे वजनं अर्धा तास चालतात, ती वेळ टळली की स्पर्धा संपली, मग वर्षभर घाम गाळला असला तरी. पूर्वी आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं. २०१८ पासून ते लढतीच्या दिवशी सकाळी होऊ लागलं आणि आपल्याकडच्या स्पर्धांतही तीच पद्धत रुळली. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमनी बाहेर गेली, तेव्हा सगळा देश काट्याबद्दल बोलू लागला. आपल्या तालमीतल्या पोरी मात्र त्याआधीपासून त्या काट्याला घाबरून होत्या.

आता यात डोंबिवली घाला. स्पर्धा अंधेरीला, रविवारी, वजनं सकाळी सात ते साडेसात. पोरगी रात्रीपासून जवळजवळ उपाशी, पाणीसुद्धा घोट-घोट. खांद्यावर बॅग, त्यात लाल आणि निळा असे दोन्ही कॉस्च्युम, बूट, टॉवेल, जन्मदाखला. स्पर्धेच्या पत्रकात ठिकाणाचं नाव असतं, कसं यायचं हे कुणी लिहीत नाही. गाडीवाल्यांना त्याची गरज नसते. आमच्याकडे गाडी नाही, आणि तालमीतल्या बहुतेक घरांत नाही.

तुम्ही त्या दिवशी जिन्यात भेटलात आणि मी तुम्हाला अंधेरीचा रस्ता विचारला. तुम्ही आधी उलट विचारलंत, "वजन किती वाजता?" मग जिन्यातच उभं राहून त्या वेळेपासून मागे मागे येत हिशोब मांडलात. साडेसहाला आत. का, तर अधिकृत वजनाआधी तिथल्या काट्यावर एकदा बघता यावं आणि शंभर-दोनशे ग्रॅम जास्त निघालं तर दोरीवरच्या उड्या मारायला वेळ मिळावा. त्याआधी चालायचं किती, मेट्रो किती, लोकल किती. सगळी नोकरी बेस्टमध्ये, शेवटची वर्षं स्टार्टर म्हणून चौकीत बसून बसगाड्या वेळेवर सोडण्यात गेलेली. तो सगळा अनुभव तुम्ही माझ्या ४६ किलो गटातल्या लेकीसाठी कामाला लावलात.

दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेने अंधेरी, तिथून बस, हा जुना रस्ता मला माहीत होता. तुम्ही तो खोडून टाकलात. घाटकोपरला उतरा, स्थानकाच्या पुलावरूनच मेट्रोत जा, आझाद नगरला उतरा, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल तिथून पायी जाण्याइतकं जवळ. ही मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हापासून तुम्ही हा रस्ता सगळ्यांना सांगत आलात. मात्र एक गोष्ट दरवेळी बजावता: रविवारी मेट्रोची पहिली गाडी कधी सुटते ते आदल्या रात्री बघून ठेवा, रोजच्या वेळेवर विसंबू नका.

आणि लोकल कोणती? मी जलद म्हणाले असते. तुम्ही म्हणालात, "डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी धर. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातील, पण बसायला मिळेल. उपाशी पोर उभी नेऊ नकोस, पाय तिला मॅटवर लागणार आहेत." काका, इतकी वर्षं लोकलने ये-जा केली, पण प्रवासाकडे खेळाडूच्या पायांच्या बाजूने कधी बघितलं नव्हतं. लेक पहिल्या फेरीत जिंकली त्यात तिची आणि सरांची मेहनत आहेच. पण ती ताज्या पायांनी मॅटवर गेली ते तुमच्यामुळे.

वजन कमी करण्याबद्दलही तुम्ही बोललात, आणि तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वाढत्या वयाच्या मुलांना पाणी तोडून खालच्या गटात बसवणं बंद व्हायला हवं. तुम्ही सरांना हे तोंडावर सांगितलंत आणि त्यांनीही ऐकलं.

परतीचा प्रवास हा वेगळाच विषय. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी काही तास रेल्वेचा एखादा मार्ग बंद. सकाळी जाताना काही जाणवत नाही. दुपारी माटुंगा–मुलुंड दरम्यान ब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावर, गर्दी दुप्पट, आणि पोरगी तीन लढती खेळून, कान सुजवून घेऊन उभी. तुम्ही शनिवारी संध्याकाळी पेपर घेऊन दारात यायचात, ब्लॉकच्या चौकटीखाली पेनाने रेघ मारलेली. "चार वाजेपर्यंत हॉलमध्येच थांबा, बाकीच्यांच्या कुस्त्या बघा, शिकायला मिळेल, मग निघा." या थांबण्यातूनच तिला वरच्या गटातल्या मुली कशा पकडी घेतात ते बघायची सवय लागली. वजन झाल्याबरोबर खायचा डबाही घरूनच न्यायचा, सकाळी तिथे काय उघडं असेल याचा भरवसा नाही, हेही तुमचंच. केळी, खजूर, गुळाची दशमी. आता आमच्या घरात स्पर्धेचा डबा म्हणजे हाच.

धारावीच्या जिल्हा क्रीडा संकुलाची वाट तुम्ही बदलून दिलीत तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये शीवचा रेल्वेवरचा जुना पूल वाहनांना बंद झाला आणि बसचे रस्ते बदलले. तुम्ही निवृत्त होऊन किती काळ लोटला, तरी तुम्ही स्वतः जाऊन बघून आलात. शीवला उतरून बसची वाट बघत बसू नका, पादचारी पुलावरून पश्चिमेला जा आणि सरळ चालत सुटा. कांदिवलीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्राला जायचं तर मेट्रो सातच्या आकुर्ली स्थानकावर उतरून पुढे रिक्षा. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली तेव्हाही तुम्ही घड्याळ लावून मरोळ नाक्याला एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत जाऊन पाहिलंत, बॅग घेतलेल्या पोरीला किती वेळ लागेल ते मोजायला. या वयात, त्या सरकत्या जिन्यांवर. हे मला काकूंकडून कळलं, तुम्ही सांगितलं नव्हतंत.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी रात्र ५ ऑगस्ट २०१७ ची. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये बॉक्सर विजेंदर सिंगची चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी झुंज. लेक तेव्हा लहान होती, कुस्तीचं नावही नव्हतं घरात. तुम्ही बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन जाणार होतात, तिनेही हट्ट धरला. रात्री उशिरा वरळीहून डोंबिवली, या विचाराने माझा जीव वरखाली होत होता. तुम्ही निघायच्या आधीच मला परतीचा रस्ता समजावून सांगितलात. मोठा कार्यक्रम सुटला की डोमसमोर टॅक्सी मिळत नाही, बस गर्दीत अडकते, म्हणून हाजीअलीवरून रेसकोर्सच्या कडेने चालत महालक्ष्मी, तिथून धीमी गाडी, दादरला पुलावरून मध्य रेल्वेवर. परतीची तिकिटं सकाळीच काढलेली. पोरांनी एकमेकांचे हात धरायचे आणि तुम्ही सगळ्यात मागे. विजेंदर गुणांवर जिंकला हे मला तिने दारातच ओरडून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून "मला लढायचंय" हे सुरू झालं. गावात तालीम होती म्हणून कुस्ती. त्या रात्री रस्त्याची खात्री नसती तर मी तिला पाठवलंच नसतं.

एकदा घाटकोपरच्या फलाटावर तुम्ही तिला खाशाबा जाधवांबद्दल सांगत होतात. तुमचं गाव कराड तालुक्यातलं, त्यांचं गोळेश्वरही तिथलंच, त्यामुळे तुमचा आवाज जरा चढला होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, आणि त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. लेकीने विचारलं, मग त्या सरांना कुणी पदक दिलं का? तुम्ही हसलात. मला मात्र तेव्हापासून खर्डेकर आणि तुम्ही एकाच रांगेत दिसता. पैलवानाला मॅटपर्यंत पोहोचवणारी माणसं.

काका, तुमचे सगळे रस्ते मी एका वहीत लिहून काढले आहेत: ठिकाण, उतरायचं स्थानक, बाहेर पडायची बाजू, रविवारी काय बदलतं, जवळ शौचालय कुठे. शेवटची गोष्ट मुलींच्या आयांनी घालायला लावली. तालमीत यंदा तीन नव्या मुली आल्या आहेत, एक टिटवाळ्याहून येते आणि तिचे वडील कधी दादरच्या पुढे गेलेले नाहीत. येत्या शनिवारी संध्याकाळी सरावानंतर तुम्ही तालमीत याल का? वही मी आणते, ती तपासून द्या. टिटवाळ्याच्या गाडीचं गणित मला जमलेलं नाही, ते तुमच्या हाताने भरा. काकूंनाही आणा.

तुमची,
तुमच्या पैलवानाची आई
डोंबिवली