सभागृह नको, कोरडं कपाट हवं

सप्रेम नमस्कार,

विज्ञान आणि कलांच्या प्रसारासाठी चालणाऱ्या आपल्या मंडळाच्या व्याख्यानांना गर्दी होते, चित्रप्रदर्शनांना होते, दुर्बिणीपुढे तर रांग लागते. हे आवाहन त्यासाठी नाही. ज्या कामासाठी आहे ते बंद दाराआड चालतं: काचेच्या निगेटिव्ह, व्याख्यानांच्या आणि गायन-वादनाच्या टेप, वाळवून कागदावर बसवलेल्या वनस्पती, पावसाच्या नोंदवह्या आणि कार्यवृत्तांचे जुने अंक सांभाळण्याचं. या सगळ्यांचा शत्रू एकच, ओलावा. त्याच्यासाठी एकदाच मोठी रक्कम देऊन भागत नाही. थोडी का होईना, पण न चुकता मिळणारी मदत लागते. देणगीदाराला नावाची पाटी लावता येईल असं सभागृह आवडतं हे आम्ही समजू शकतो. पण सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या, डब्यावर पाटी लावायची आमची तयारी आहे.

जुनं कशाला जपायचं, असं कोणी विचारलंच तर इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन डाल्टनचं उदाहरण पुरेसं आहे. १७९४ साली मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याने स्वतःच्या रंगांधळेपणावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार आणि तोच लाल रंग गिळत असणार, अशी त्याची समजूत होती. १८४४ मध्ये तो गेल्यावर त्याच्याच इच्छेप्रमाणे डोळे तपासले, तर द्रव स्वच्छ निघाला. समजूत खोटी ठरली, तरी डोळ्याचे अवशेष कोणी टाकून दिले नाहीत. १९९५ मध्ये त्यांच्यातल्या डीएनएवरून कळलं की त्याच्या डोळ्यात हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच नव्हतं. उत्तर दीडशे वर्षांनी मिळालं, कारण वस्तू शिल्लक होती. त्याच सोसायटीची इमारत १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली आणि डाल्टनची बरीचशी कागदपत्रं राख झाली. म्हणून पुढे जिथे जिथे 'प्रत' म्हटलंय, तिथे एक प्रत दुसऱ्या इमारतीत, असं समजावं.

आधी काचा. जिलेटिनचा थर दिलेली कोरडी निगेटिव्ह १८७१ नंतर रुळली, आणि जुन्या संस्थांच्या कपाटांत सापडतात त्या बहुतेक याच जातीच्या. फुल प्लेट म्हणजे साधारण १६.५ × २१.६ सेंमी, एक काच सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरते. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात, म्हणून त्या लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, एका पेटीत २५ पेक्षा जास्त नाही. प्रत्येक काचेला चार पंखांचं, आम्लविरहित कागदाचं पाकीट लागतं. नेहमीचं एकाच तोंडाचं पाकीट चालत नाही. काच आतबाहेर सरकवताना थर खरवडला जातो, आणि पाकिटाच्या जोडावरचा डिंक नेमका चित्रावर येऊन पिवळी रेघ उमटवतो. पाकिटावर आधी शिसपेन्सिलीने लिहायचं, मग काच आत ठेवायची. सुती हातमोजे नकोत, काच निसटते, नायट्राइल रबराचे घालावेत. चकचकीत बाजू काचेची, मंद दिसते ती थराची, आणि थराच्या बाजूला पाणी, स्पिरिट, ओला कापूस काहीही लावायचं नाही. मऊ ब्रशने धूळ झटकणं एवढंच आमचं काम. कडांना निळसर चांदीसारखी झाक दिसली तरी पुसायचा मोह आवरायचा. ती चित्रातलीच चांदी वर आलेली असते, पुसली की चित्रही जातं. फुटलेल्या काचा चिकटवत नाहीत. तुकडे आडवे, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून ठेवतात.

कपाटातली हवा ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर स्थिर हवी. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते; ३० च्या खाली गेली की जिलेटिन आकसून काचेवरून सुटतं. इथेच हौशी लोकांची चूक होते. बुटाच्या खोक्यातली पुडी कपाटात टाकून ते निर्धास्त होतात. संग्रहालयांचा जुना हिशोब एक घनमीटर बंद जागेला २० किलो सिलिका जेलचा आहे. म्हणजे अर्ध्या घनमीटरच्या लहान कपाटालाही १० किलो. तेही ठणठणीत कोरडं नव्हे, तर हव्या त्या आर्द्रतेला आणून मग ठेवलेलं. कपाटाच्या दाराला रबरी पट्टी नसेल तर हे सगळं जेल खोलीतला ओलावा पिण्यात खर्ची पडतं, म्हणून रबरी पट्टीही मागतो आहोत. निळ्या दाण्यांचं जेल कृपया देऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी चालेल. प्रत्येक कपाटात एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, लागतो, आणि तो वर्षातून एकदा मिठाच्या ओल्या लगद्यासोबत बंद डब्यात ठेवून तपासावा लागतो. काटा ७५ वर थांबला पाहिजे. नाही थांबला तर जितका फरक, तितका कागदावर लिहून हायग्रोमीटरला चिकटवायचा.

टेपचं काम मात्र थांबणारं नाही. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनेक टेपांवरचा चुंबकीय लेप धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतलं पाणी शोषून चिकट होतं. अशी टेप यंत्रावर लावली की किंचाळते, हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राळ साचते आणि आवाज लेपासकट खरवडून निघतो. तिला आधी सुमारे ५४ अंश सेल्सिअसवर आठ तास किंवा जास्त ऊब द्यावी लागते, नंतर काही आठवड्यांच्या आत प्रत करून घ्यावी लागते. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नये. त्याचा काटा ५० दाखवत असला तरी आतलं तापमान वीस-वीस अंश वरखाली होतं. जुन्या अ‍ॅसिटेट प्लास्टिकच्या टेपला तर ऊब अजिबात द्यायची नाही. ओळख सोपी आहे: रीळ दिव्यासमोर धरलं आणि गुंडाळलेल्या टेपमधून उजेड दिसला तर अ‍ॅसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते रीळ ताबडतोब वेगळ्या खोलीत न्यावं, कारण तो वास शेजारच्या रिळांनाही लागतो.

एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला एका माणसाचे साधारण तीन तास जातात: हेड साफ करणं, हेडचा कोन टेपप्रमाणे जुळवणं, पूर्ण वेळ कान देऊन ऐकणं, नोंद करणं. कोन न जुळवता केलेली प्रत घोंगडीखालून ऐकल्यासारखी येते, आणि नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी तिची धार परत येत नाही. फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची. स्टिरिओ असेल तर तासाला सुमारे २ जीबी. आवाज 'स्वच्छ' केलेली प्रत वेगळी, मूळ प्रत जशीच्या तशी. चालू स्थितीतलं, १९ आणि ९.५ सेंमी प्रतिसेकंद अशा दोन्ही वेगांचं स्पूल यंत्र कोणाकडे असेल तर आमच्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी देणगी. बंद पडलेलंही चालेल; सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत, दुसऱ्या यंत्रातूनच काढावे लागतात. एक विनंती ज्यांच्या घरातले कोणी आपल्या व्यासपीठावर गायले-बोलले त्यांना: मुद्रण लोकांना ऐकवायचं तर कलाकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी लागते. एका कागदावर नाव, कार्यक्रम आणि सही मिळाली तरी एक रीळ मोकळं होतं.

वनस्पतींच्या संग्रहाला पैशापेक्षा फ्रीझर हवा. पानं कुरतडणारे किडे आणि कसर मारायला कागद पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव थेट नमुन्यावर धरतं. डांबरगोळ्या आम्ही बंद केल्या आहेत. फार जुन्या कागदांवर मर्क्युरिक क्लोराइड मारलेलं असू शकतं, त्यामुळे हातमोज्यांशिवाय कोणी हात लावू नये, शाळकरी मुलांनी तर मुळीच नाही. नमुन्याची चिठ्ठी सुटलेली दिसली तर ती त्याच क्षणी पाकिटात घालून त्याच कागदाला जोडा. ठिकाण आणि तारीख हरवलेली वनस्पती म्हणजे गवताची काडी.

वह्या-अंकांच्या फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लावतात. जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची ताजी खळ हवी. बाइंडर खळ टिकावी म्हणून मोरचूद घालतात तसं नको. मोरचुदातल्या तांब्याने कागद आणखी लवकर जळतो.

पावसाच्या नोंदवह्यांसाठी पैसा लागत नाही, डोळे लागतात. वहीच्या पानाचा फोटो तुमच्या घरी येईल, तुम्ही आकडे भरायचे. तेच पान दुसरा माणूस स्वतंत्रपणे भरेल, आणि जिथे फरक पडेल तिथे तिसरा पाहील. नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. वहीत इंच असतील तर इंचच लिहा, मिलिमीटर नंतर होतील. शून्य आणि रिकामी जागा एक नव्हे: शून्य म्हणजे पाऊस नाही, रिकामी म्हणजे पाहिलंच नाही. रिकाम्या जागी शून्य भरलं की अवर्षण तयार होतं, जे कधी पडलंच नव्हतं. सुट्टीनंतरच्या दिवशी अचानक मोठा आकडा दिसला तर तो दोन दिवसांचा एकत्र असू शकतो; आकडा तसाच ठेवून शेरा लिहा. महिन्याची बेरीज जुळत नसेल तर बेरीज दुरुस्त करू नका, दोन्ही लिहा. आठवड्याला दोन तास देणारा माणूस वर्षभर टिकला तर ते आम्हाला एका दिवशी आलेल्या वीस उत्साही माणसांपेक्षा मोलाचं.

कार्यवृत्तांचं काम राहिलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगॉर मेंडेलने वाटाण्यांवरचे प्रयोग ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ ला ब्रुनच्या, म्हणजे आजच्या ब्रनोच्या, निसर्ग-अभ्यास मंडळात वाचून दाखवले. मंडळाने ते १८६६ मध्ये छापले आणि शंभरावर ग्रंथालयांत पाठवले. चौतीस वर्षं जवळजवळ कोणी लक्ष दिलं नाही. १९०० मध्ये लक्ष गेलं तेव्हा निबंध कपाटांत होताच. आपल्या अंकांच्याही छापील प्रती आणि स्कॅन निदान तीन दूरच्या ग्रंथालयांत पोचवायचे आहेत. तुमच्या घरी जुने अंक असतील तर मागच्या पानांसकट, जाहिरातींसकट द्या. तारखा पुष्कळदा तिथेच सापडतात.

रोख मदतीबद्दल एवढंच: शक्य असेल तर दरमहा ठरावीक लहान रक्कम द्या आणि ती 'सर्वसाधारण निधी'त टाका. एखाद्या कामाचं नाव घालून दिलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, मग पेट्या असतात आणि ओलावा शोषणाऱ्या यंत्राचं वीजबिल थकतं. पावती प्रत्येक रकमेची मिळेल. हिशोबाची वही कार्यालयात पाहायला मिळेल, आधी कळवायची गरज नाही.

जुने विश्वकोश, पाठ्यपुस्तकं आणि मासिकांचे गठ्ठे सध्या नकोत, जागा नाही. काचा किंवा टेप द्यायच्या असतील तर त्या पुसू नका, टेप वाजवून किंवा उलट गुंडाळून पाहू नका, खोक्यावर चिकटलेली चिठ्ठी काढू नका. जशा सापडल्या तशा एक फोटो काढून पाठवा. कोणत्या पेटीतून आणायच्या ते पाहून आम्हीच न्यायला येऊ.