‘अपहरण’ हा शब्द जपून वापरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्पवयीन मुलगी घरातून नाहीशी झाली की ‘मुलीचे अपहरण’ असा मथळा छापून येतो आणि त्याखाली फिर्यादीतील ठरावीक वाक्य असते : ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले.’ फूस कोणी लावली, मुळात लावली गेली का, हे त्या वेळी पालकांनाही ठाऊक नसते आणि पोलिसांनाही. तरीही तसा गुन्हा नोंदवला जातो, कारण हरवलेल्या मुलाच्या तक्रारीत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे गृहीत धरून तपास सुरू करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर बजावले आहे. हा आदेश मला अत्यंत योग्य वाटतो, कारण मूल शोधण्यात पहिले काही तासच मोलाचे असतात. मात्र तपासासाठी धरलेले गृहीतक बातमीत सिद्ध घटना म्हणून मांडले जाऊ नये. परीक्षेच्या भीतीने, घरातील मारहाणीमुळे किंवा मनाविरुद्ध लग्न ठरल्यामुळे निघून गेलेले मूलही याच शब्दाखाली मोजले जाते, आणि ते का गेले हा प्रश्न तिथेच मागे पडतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीविना त्यांच्या ताब्यातून नेणे किंवा त्यासाठी फूस लावणे हा गुन्हा असून तेथे मुलाच्या स्वतःच्या संमतीने तो माफ होत नाही. कलम १३८ मध्ये मात्र कोणत्याही वयाच्या व्यक्तीला बळाने किंवा फसवून नेणे अभिप्रेत आहे. बातम्यांत या दोन्हींना ‘अपहरण’च म्हटले जाते. ‘नेणे’ आणि स्वतःहून निघालेल्या अल्पवयीन व्यक्तीला सोबत येऊ देणे यांतला फरक तर सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच, एस. वरदराजन यांच्या खटल्यात, स्पष्ट केला होता.

सज्ञान मुलगी स्वेच्छेने लग्न करते तेव्हाही ‘तरुणीला पळवले’ असे छापणे तर सरळ अन्यायकारक आहे, कारण त्यात तिचा निर्णयच पुसला जातो.

तपास चालू असेपर्यंत ‘मुलगी बेपत्ता, अपहरणाचा गुन्हा दाखल’ असे लिहावे, खंडणीसाठी डांबून ठेवल्याचे उघड झाल्यास तसे स्पष्ट म्हणावे आणि मूल सुखरूप परतल्यास ती बातमीही तितक्याच ठळकपणे द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा