हुतात्म्यांना हार घालतो, पण तेव्हाच्या मंदीचं काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १२ जानेवारी आली की आपल्या पेपरात चार हुतात्म्यांवर पान येतं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन यांची १९३१ ची येरवड्यातली फाशी, त्याच्या आधीचा १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, सगळं येतं आणि यायलाच पाहिजे. पण त्याच वर्षांत सोलापुरातल्या घरांत चूल कशी पेटत होती यावर कधी चार ओळी पण दिसत नाहीत, याचं मनापासून वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

१९२९ ला अमेरिकेतला शेअर बाजार पडला, जगभर मंदी आली, त्याचं इथल्या हातमागवाल्याला काय, असं पोरं विचारतात. सरळ आहे बघा. कापूस, ज्वारी, शेंगा सगळ्याचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही, शेतसारा आणि सावकाराचं व्याज मात्र होतं तेवढंच. आणि आपल्या पूर्व भागातल्या हातमागावर जी लुगडी निघायची ती घेणारी बाई कोण, तर खेड्यातलीच की. तिनं जुन्याच लुगड्याला दंड घालून, म्हणजे फाटलेलं कापून जोड शिवून, वर्ष काढलं की इकडं माग बंद. ज्वारी स्वस्त झाली म्हणतात, पण ती घ्यायला मजुरी तर मिळायला पाहिजे ना! तिकडं गिरण्यांमध्ये पगारकपात, त्यावरून १९३४ चा मोठा संप, तो पण आता कुणाला आठवत नाही.

त्यात सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंड सोन्यापासून तोडला, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठराविक सोनं देणं बंद केलं, रुपया पौंडालाच बांधलेला, त्यामुळं इथं सोन्याचा भाव चढला आणि देशभरातल्या बायकांच्या अंगावरचं सोनं मोडीत निघून बोटीनं परदेशी गेलं. आमच्या घरी पणजोबांची हिशेबाची वही आहे, अर्धी तेलुगूत अर्धी मोडी लिपीत. त्यात सुताच्या उधारीखाली एक ओळ आहे, पुतळ्या ८ मोडल्या, आणि लगेच खालच्या ओळीला परत सूत खरेदी. म्हणजे पणजीच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या मागावर गेल्या. कुणाच्या गळ्यातल्या हे वहीत लिहिलेलं नाही, ते आजीनं सांगितलं म्हणून कळलं.

नाटकाचं पण तेच. बोलपट आले, १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला आणि नाटक कंपन्या बसल्या असं आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. पण एवढा मोठा लवाजमा, पडदे, पेट्या, पन्नास माणसांचं जेवण घेऊन गावोगाव फिरायचं आणि प्रेक्षकाच्या खिशात दमडी नाही, तर कंपनी टिकणार कशी? शेवटी खुद्द बालगंधर्व १९३५ ला 'धर्मात्मा'त पडद्यावर गेले. माझ्या मते बोलपटाइतकंच मंदीनं पण नाटक मारलं.

माझी विनंती एवढीच, येत्या जानेवारीत हुतात्म्यांच्या पानाशेजारी अर्धं पान या विषयाला द्या आणि वाचकांकडून जुन्या वह्या, गहाणखतं, गिरणीची पगारपत्रकं मागवा. विद्यापीठानं त्यांचं स्कॅनिंग करून घ्यावं, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत तोवरच हे होईल. साखर पेठेत, घोंगडे वस्तीत जुनी घरं पाडून अपार्टमेंट चाललेत आणि ट्रंका थेट भंगारवाल्याकडं जातायत. आमची वही मी द्यायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक, साखर पेठ, सोलापूर