होल्स्टर घरी बनवताना आधी चापाचा विचार हवा

महोदय,

पिस्तुलाचे होल्स्टर, म्हणजे ते अंगावर बाळगायची खोळ, घरी कसे बनवावे, यावरचा आपल्या पुरवणीतील मजकूर वाचला. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून दाबायचा आणि मागे चामडे जोडायचे, एवढे त्यात ठीक आले आहे. पण होल्स्टरचे पहिले काम चाप पूर्ण झाकणे हे असते, आणि नेमके तेच राहून गेले. रिकामे पिस्तूल घालून चापाच्या जागी होल्स्टरवर बाहेरून अंगठा दाबून पाहावा. आतला चाप जराही हलला, तर ते होल्स्टर कितीही देखणे असले तरी मोडीत काढावे.

साच्यासाठी शक्यतो त्याच मॉडेलचे भरीव नकली पिस्तूल घ्यावे. खरे पिस्तूलच वापरायचे असेल, तर मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून चेंबर (नळीमागचा काडतूस बसायचा कप्पा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासावा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. साच्यावर पुढच्या साइटपासून (नळीच्या टोकाजवळचा नेम धरायचा उंचवटा) मागे, स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागच्या टोकाकडे एक लाकडी पट्टी चिकटवावी. ती नसेल, तर पिस्तूल उपसताना साइट दर वेळी अडकते. स्लाइडवरची काडतूस बाहेर पडायची खिडकीही बुजवावी. ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीची कडी) आतली चापाभोवतीची पोकळी भरून घ्यावी आणि फक्त पुढच्या कोपऱ्यात उथळ खळगा ठेवावा. पिस्तूल बसताना ‘टक’ असा आवाज येतो तो तिथे रुतलेल्या प्लॅस्टिकमुळे. पकड तिथूनच मिळायला हवी, चापाजवळून नव्हे.

पत्र्याचे प्लॅस्टिक म्हणजे कायडेक्स, हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसीचे मिश्रण. बहुतेक पिस्तुलांना 2 मिमी जाडी पुरते, लहान पिस्तुलाला 1.5 मिमी. 165 ते 175 अंश सेल्सिअसवर पत्रा काही मिनिटांत लोळागोळा होतो. कमी तापला तर कोपरे गोल राहतात आणि थंड होताना पत्रा उघडतो. जास्त तापला तर खरखरीत पोत जाऊन चकाकी येते, आणि त्याहून पुढे गेल्यास पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा धूर सुटतो. म्हणून स्वयंपाकाचा ओव्हन नको आणि बंद खोली तर मुळीच नको. हातमोजे घालून पत्रा साच्यावर ठेवावा, वरखाली जाड फोम, बाहेरून दोन फळ्या, आणि शिकंजे आवळून निदान दहा मिनिटे सोडावे. ही दहा मिनिटे वाचवायला जाऊन सर्वाधिक काम वाया जाते, कारण कोमट पत्रा सुटताच वाकडा होतो. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात आणि आतला भुसा पूर्ण काढावा. राहिलेला कण स्लाइडवर ओरखडे पाडतो.

चामडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले, 3 ते 3.5 मिमी जाडीचे हवे. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि स्वस्त असते, पण ओले करून दिलेला आकार धरत नाही. कोमट पाण्यात भिजवून, पिस्तुलाच्या साच्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून, बोटांनी दाबून आकार द्यावा आणि सावलीत दिवसभर सुकवावे. हीटरसमोर ठेवलेले चामडे आकसून तडकते. शिलाई दोन सुयांची, मेणाच्या दोऱ्याने. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की शेजारचे टाकेही सुटू लागतात.

आता प्लॅस्टिकचे कवच आणि चामड्याची पाठ अशा मिश्र रचनेकडे. तिथली अडचण घामाची. चामडे ओले होऊन मऊ पडते, वरची कड आत दुमडते आणि पिस्तूल खाली सरकवताना ती घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरून चाप ओढू शकते. गोळी सुटते ती अशी. उपाय सोपा आहे: चामड्याची कड तोंडापाशी मोकळी लोंबू देऊ नये, आणि चापाच्या पट्ट्यात चामड्याच्या मागेही प्लॅस्टिकची पट्टी रिव्हेट करावी, म्हणजे चाप दोन्ही बाजूंनी कडक पत्र्यात राहतो. तोंडही उघडे राहायला हवे. ते मिटले, तर पिस्तूल परत ठेवताना दुसऱ्या हाताने उघडावे लागते आणि तो हात नळीसमोर येतो.

कवच चामड्याला जोडताना स्क्रूखाली रबरी वॉशर घालावेत, म्हणजे पकड कमीजास्त करता येते. स्क्रूच्या आट्यांवर निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावावा, नाहीतर चालण्याने स्क्रू ढिले होतात. पूर्ण झाल्यावर रिकामे पिस्तूल घालून होल्स्टर गादीवर उलटे धरून हलवून पाहावे; पिस्तूल निसटता कामा नये.

चामड्याला तेल मात्र बेताचेच. जास्त पाजले की ते कायमचे मऊ पडते, आणि मग नवीन पाठ कापण्याखेरीज इलाज उरत नाही.

आपले,
चामडे व प्लॅस्टिककामातील काही कारागीर