आई-बाबा, तिकिटं मी रद्द केली आहेत

सोलापूर,
एप्रिलअखेर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा नुसतं ‘बरं’ म्हणून फोन दादाकडे देतात. म्हणून लिहून कळवतोय. रविवारच्या हुतात्मा एक्सप्रेसची तुमची दोघांची तिकिटं मी रद्द केली आहेत. मृगाचा पाऊस पडून हवा जरा निवेपर्यंत तुम्ही पुण्यातच राहायचं. दादा-वहिनीशी माझं बोलणं झालंय, डॉक्टरांनाही विचारून घेतलंय. आता यात बदल नाही.

आई, ‘स्वतःच्या घरी यायला आता पोराची परवानगी लागते’ असं लगेच मनात आणू नकोस. घर तुझंच आहे, किल्ल्यांचा जुडगाही तुझ्याच पर्समध्ये आहे. पण इथे सकाळी दहालाच झळा लागायला लागतात. पारा 42 च्या वर जातोय. दुपारी लाइट गेली की कूलर नुसता उभा. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री बाराला, आणि तू इथे असलीस की कुणी कितीही सांगितलं तरी बादल्या भरायला उठणारच. त्या गुडघ्यांनी. आणि तू उठलीस की बाबाही उठणार. त्यांना स्टेंट बसवून किती दिवस झालेत असे? भूकंपाच्या वर्षी तू आम्हा दोघांना घेऊन मामाकडे राहिलीस, तेव्हा बाबांनी एकट्यांनी हे घर सांभाळलंच होतं ना? मग मी बायको-मुलीसह दोन महिने नाही सांभाळणार?

तुझी खरी काळजी मुक्ताची आहे, ते मला ठाऊक आहे. स्मिता बँकेत, मी दुकानात, मग दुपारचं पोरीला कोण बघणार आणि मधल्या वेळेला तिच्या पोटात काय जाणार? त्यावरही मी एक ठरवून टाकलंय. बाबा, रागावू नका, आधी पूर्ण वाचा. दुकान मी दुपारी एक ते पाच बंद ठेवतो. नवी पेठेत त्या वेळेला चिटपाखरूही नसतं, शेजारच्या दोन दुकानांचीही शटरं खालीच असतात. लग्नसराईचं टॉवेल-टोपीचं गिऱ्हाईक एक तर सकाळी येतं, नाही तर दिवे लागल्यावर. घाऊक मागणी फोनवर होते. चादरींचा माल वेळेवर जातोय. गल्ला उतरलेला नाही. वहीच्या पानांचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवतो, तुम्ही स्वतः बघा. सकाळी कुलूप उघडायला मीच जातो, उदबत्तीही तुमच्यासारखी आधी तराजूला, मग गल्ल्याला.

तर दुपार आमची दोघांची. बाबांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या ओट्सचा मोठा डबा फडताळात पडून होता. आई, तू त्याला घोड्याचा चारा म्हणायचीस. मुक्तानं तो खाली काढायला लावला आणि तेव्हापासून आमचं रोज काही ना काही चाललेलं असतं. आधी लाडू केले. वाटीभर ओट्स मंद आचेवर कोरडेच भाजायचे. घाई केली की वरून रंग येतो आणि आतून चिवट राहतात, म्हणून बोटांत चुरेपर्यंत थांबायचं. गॅसपाशी मुक्ताला येऊ देत नाही, तिचा पाट उंबऱ्याच्या बाहेर. तिथे बसून ती खजुराच्या बिया काढते. एकेक खजूर उघडून आत बोट फिरवून बघते, बी खरंच निघाली का म्हणून. तो खजूर चमचाभर तुपात परतून मऊ करतो, त्यात जाडसर वाटलेले ओट्स, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे तीळ. गूळ नाही, साखर नाही. अख्खे दाणे मी घालत नाही, एवढ्या लहान पोरांच्या घशात अडकतात. मिश्रण कोमट झालं की परात तिच्या ताब्यात. तिच्या मुठीत मावेल एवढाच लाडू होतो, गोल नाही, चारही बोटांचे खड्डे उमटलेला, आणि शेवटी प्रत्येकावर अंगठा दाबते. तो तिचा शिक्का.

तुला आठवतं, भाकऱ्या करताना तू मलाही परातीच्या कडेला पिठाचा गोळा द्यायचीस? मी त्याची भाकरी थापायचो आणि ती मळकट, कडेनं फाटलेली भाकरी तू तव्यावर टाकून बाबांच्या ताटात वाढायचीस. बाबा ती पहिली खायचे. मुक्ताला परात दिली की मला तेच ताट दिसतं. त्या चुलीपाशी मला जे मिळालं तेच तिला मिळावं एवढंच मला वाटतं, आणि ते माझ्या हातूनही मिळू शकतं याची तुला खात्री वाटावी म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

चिवडाही जमला. ओट्स भाजून कुरकुरीत करायचे, कढीपत्ता-हिरवी मिरची-डाळ्यांची फोडणी वेगळी करून गार होऊ द्यायची, मग एकत्र करायचं. गरम फोडणी घातली की वाफ धरते आणि सगळं मऊ पडतं. मुक्ताची वाटी मिरची घालण्याआधीच बाजूला काढतो. थालीपीठ मात्र निम्मं ज्वारीचंच. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीची सर ओट्सना नाही, आणि मी ज्वारी सोडा म्हणतही नाही. दोन्हींत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, नाही तर थापताना फाटतं. वहिनीला हे सांग.

बाबा, आता तुमच्यासाठी. एकदा ओट्स शिजवताना पाणी जास्त झालं. मुक्तानं त्या पेजेत बोट बुडवलं आणि म्हणाली, ‘पप्पा, हे चिकटतंय.’ पूर्व भागात आपले माग होते तेव्हा सुताला लावायची खळ आठवली, तशीच बुळबुळीत. पेज गाळून तिला दिली, कागद छान चिकटतात. तिनं वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज करायला घेतलेत. थोडे ओट्स हळदीत, थोडे बिटाच्या रसात रंगवून गच्चीवर वाळवले, उन्हात ते बघता बघता कडकडीत होतात. तेच सुरळीवर एकेक चिकटवते. तोंडात घातले तरी काळजी नाही. सातच हवेत म्हणून अडून बसली आहे, कारण जानेवारीत यात्रेच्या अक्षता सोहळ्याला तुम्ही, तिच्या आबांनी, तिला सात मोजून दाखवले होते. चिकटवताना मध्येच ‘हर्र बोला हर्र’ म्हणून ओरडते, मग समोरच्या खिडकीतून आजी ओरडतात. तीन झालेत.

तो चिकटपणाच तुमचं औषध आहे. त्याला बीटा-ग्लुकन म्हणतात. पोटात गेला की त्याची जेलीसारखी लापशी होते आणि पित्त तिच्यात अडकून शरीराबाहेर जातं. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज साधारण 3 ग्रॅम पोटात गेलं तर वाईट कोलेस्टेरॉल खाली यायला मदत होते. 40 ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. म्हणजे सकाळी वाटीभर आणि संध्याकाळी थालीपीठ किंवा चिवड्यात तेवढेच, की झालं. तोंड वाकडं करून का होईना, पण खायचं. गोळीच्या ऐवजी नव्हे, गोळीच्या जोडीला. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद तर मुळीच करायची नाही. आणि दुकानातले मसाला ओट्सचे पुडे दादाला आणायला लावू नका, त्यात मीठ असतं. साधेच आणायचे, फोडणी घरची.

आई, तू जिना चढायचा नाहीस, लिफ्ट आहे. सकाळी बाबांबरोबर बागेत जा, चालवलं नाही तर बाकावर बस, पण जा. वहिनीच्या स्वयंपाकात लुडबूड करू नकोस, ती तुम्हाला मनापासून ठेवून घेतेय. झोप लागत नाही म्हणालीस म्हणून तुमची रोजची चादर पाठवतोय, न धुता, तुला हवी तशी. तुळशीला रोज पाणी घालतो, दुपारी तिच्यावर जुन्या साडीची सावली केली आहे. तुझ्या पलंगावर कुणी झोपत नाही. मुक्ता रात्री तुझ्या उशीसाठी थोडा हट्ट करते, मग तीच घेऊन झोपते. हे वाचून लगेच निघायचं नाही, सात जूननंतर मी स्वतः न्यायला येणार आहे.

शेजारचे काका सोमवारी सकाळच्या हुतात्मानं येताहेत. दादाला साडेदहाला पुणे स्टेशनवर पाठव. पिशवीत चादर, लाडवांचा डबा, चिवडा आणि तुझ्यासाठी शेंगाचटणी आहे. बाबांना रोज एकच लाडू, खजुरातही साखर असतेच. चटणी बाबांना चमच्याच्या टोकावर, त्यापेक्षा जास्त नाही. अंगठ्याचा शिक्का सर्वांत खोल असलेला लाडू आबांचा आहे, असा निरोप आहे, तो त्यांनाच दे. डबा रिकामा झाला की काकांबरोबरच परत पाठव, पुढचे त्यातच भरायचे आहेत.

तुमचा,
बाळू