जर्नल कम्प्लीट, हात मात्र कोरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नीटच्या क्लाससाठी पोरांना लातूर-नांदेडला ठेवायला आपल्याकडचे आईबाप कर्ज काढतात. तेच पोरगं नीटमध्ये मागं पडून तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला आलं, की पुढची तीन वर्षं त्याला कुणी विचारत नाही. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. हे सगळं जवळून पाहिलंय.

परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबानं दुसऱ्यात सोडून प्रमाण मोजायचं. फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावा लागतो, नाहीतर पहिल्या थेंबांचा रंग लवकर जातच नाही. ब्युरेटमधलं, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतलं, द्रावण इतकं गडद असतं की त्याच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तोटी बंद. एक-दोनदा फ्लास्क पार जांभळा झाल्याशिवाय तोटी कधी आवळायची ते हाताला कळत नाही. आमच्याकडं सुरुवातीला प्रत्येकाला ब्युरेट मिळायची. पुढं कर्मचाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, रसायनांचा खर्च टाळला जाऊ लागला आणि एका ब्युरेटभोवती चारपाच जण उभे राहू लागले. एकानं करायचं, बाकीच्यांनी रीडिंग उतरवायचं. परीक्षेआधी सगळ्यांची जर्नलं, म्हणजे प्रयोगवह्या, कम्प्लीट! अशी पोरं वाळूजच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या मुलाखतीला जातात, तेव्हा पिपेट (मोजून द्रावण उचलायची काचनळी) धरतानाच उघडी पडतात. दोष त्यांचा नाही.

एमएस्सीचंही तेच. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम नावाची परीक्षा असते, हे आमच्या पोरांना बहुतेक वेळा फॉर्म भरायची मुदत संपल्यावर कळायचं. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून तयारी दुसऱ्या वर्षापासूनच हवी. हुशार मुली तर घरच्यांनी बाहेर पाठवायला नको म्हणायच्या आतच, माहितीअभावी मागं राहिल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला ऑन जॉब ट्रेनिंग आणलंय. चांगली गोष्ट आहे. पण तालुक्याला कंपनी कुठाय? ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून प्रमाणपत्र जोडलं, असं होऊ देऊ नका. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स (रसात विरघळलेले घटक) आणि पोल (त्यातली साखर) रोज काढतात, तिथं पाठवा. कृषी विज्ञान केंद्रात माती तपासतात, दूध संघात फॅट काढतात. किनवटकडच्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे; पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. तिथले नमुने पोरांनीच तपासावेत, आकडे ग्रामपंचायतीत द्यावेत.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला विनंती आहे, की कॉलेजची तपासणी करायला येणाऱ्या समितीनं जर्नलांचे गठ्ठे बाजूला ठेवावेत आणि कुठल्याही दोन मुलांना समोर टायट्रेशन करायला लावावं.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक,
जिंतूर, जि. परभणी